हार्ड डिस्कवरची माणसं

आम्ही सेंटरची जुनी मंडळी कुठे लग्नामुंजीत भेटलो की पंगतीत आधी आंब्याचा विषय निघतो, मग गुडघ्यांचा. आणि ताकाची वाटी समोर आली की कोणीतरी हळूच म्हणतं, "ते डिस्कचं आठवतं का गो?" झालं! एक किस्सा संपत नाही तोवर दुसरा तयार. वर्षागणिक ते कमी व्हायला हवेत, तर उलट साठतच चाललेत.

शेजारच्या पानावरचे लोक हसतात. "भुताच्या गोष्टी? आणि कॉम्प्युटर सेंटरमधल्या?" त्यांचंही बरोबर आहे. आमच्या सेंटरमध्ये भरदिवसा ट्यूबलाइट, एसी, चपला दाराबाहेर. एवढ्या सोवळ्यात भूत येईल कशाला? मी भूत म्हणतच नाही. मी फक्त काय झालं ते सांगते.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. रत्नागिरीत कॉम्प्युटर ही तेव्हा मुद्दाम बघायला जायची वस्तू होती. मारुती मंदिराजवळ एका इमारतीत पहिल्या मजल्यावर लिमये सरांचं सेंटर होतं. सर मुळात गणिताचे मास्तर. नोकरी सोडून त्यांनी हे काढलं, तेव्हा घरच्यांनी महिनाभर अबोला धरला होता म्हणे. प्रोग्राम लिहायला अरविंद साळवी, मुंबईत शिकून परत आलेला. डेटा भरायला आम्ही दोघी, सुलभाताई आणि मी. सकाळी त्या, दुपारनंतर मी. कॅनिंगवाल्यांचे पगार, सोसायट्यांचे हिशेब, सगळं एका मशीनवर.

*

त्या मशीनची हार्ड डिस्क मोठी होती. म्हणजे तेव्हाच्या मानानं! पण मशीनला एवढी मोठी डिस्क एका दमात झेपायची नाही. म्हणून तिचे तुकडे पाडायचे, पार्टिशन करायचं. एक सी, एक डी, एक ई. अरविंद त्यासाठी सरांच्या मागे लागला. "सर, मुंबईत एक लायब्ररी मिळते. ती आणली की काम सोपं."

सर म्हणाले, "मागव."

सुलभाताईंनी हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी काचेचं कपाट रिकामं केलं. खणांवर कागद अंथरले. कोपऱ्याकोपऱ्यात डांबराच्या गोळ्या ठेवल्या!

पार्सल आलं. आत एक फ्लॉपी आणि पिना मारलेली चार पानं. डिस्कचे तुकडे पाडणारे, जोडणारे, कुठली फाइल कुठे बसलीय ते दाखवणारे छोटे छोटे तयार प्रोग्राम त्या फ्लॉपीत होते. अरविंदनं आपल्या प्रोग्राममधून त्यांना नुसती हाक मारायची, की ते काम करणार. याला लायब्ररी म्हणतात.

सुलभाताईंनी पाकीट उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाल्या, "एवढंच? बाकीची पुस्तकं सभासदांकडे गेलीत वाटतं!"

पण कपाट केलं ते केलं. ती फ्लॉपी शेवटपर्यंत डांबराच्या गोळ्यांतच राहिली.

*

लायब्ररी वापरून अरविंदनं पहिल्यांदा काय केलं, तर डिस्कचा नकाशा पडद्यावर काढला. सी एवढा, डी एवढा, ई एवढा. डी आणि ई यांच्यामध्ये एक बारीक पट्टी रिकामी दिसत होती.

"ही कोणाची?" मी विचारलं.

"कोणाचीच नाही. तुकडा कुठेही तोडता येत नाही, ठरावीक हद्दीवर थांबवावा लागतो. त्यात थोडी उरते."

सुलभाताईंचं माहेर संगमेश्वराकडचं. त्या पडद्याजवळ आल्या. "आमच्याकडे दोन बागांच्या गडग्यांच्या, दगडी कुंपणांच्या मध्ये अशी जागा सोडतात. राखणदाराची, जागा सांभाळणाऱ्या देवाची. तिथे कोणी पेरत नाही, कोणी ओलांडतही नाही."

अरविंद हसला. "ताई, ही डिस्क आहे. बाग नव्हे!" आणि त्यानं ती पट्टी ईमध्ये ओढून घेतली.

सकाळी मशीन चालू होईना. पंखा फिरतोय, दिवा लागतोय, पडदा काळा. अरविंदनं दिवसभर खपून सगळं पहिल्यासारखं केलं. मशीन सुरू. त्याला वाटलं आपलंच काही चुकलं. चार दिवसांनी त्यानं जास्त काळजीनं ती पट्टी पुन्हा घेतली. सकाळी पडदा पुन्हा काळा.

तिसऱ्यांदा तो हात घालायला गेला तेव्हा सर मागे येऊन उभे राहिले. "साळवी, ती जागा सोड."

"सर, तुम्हीसुद्धा?"

"मी काही मानत नाही. पण सोड."

त्यानंतर दर अमावास्येला मशीनशेजारी अर्धा नारळ दिसायला लागला. कोण ठेवतं, आम्ही विचारलं नाही. सर एवढंच म्हणाले, "डाव्या बाजूला ठेवत जा. उजवीकडे हवा जायची भोकं आहेत!"

*

भाट्याकडचे गोविंदबुवा आमचे गिऱ्हाईक. त्यांच्या सोसायटीचं काम आमच्याकडे असायचं. गावच्या नमन-खेळ्यांत ते गायला उभे राहत, आणि मृदंगावर त्यांचा धाकटा भाऊ सोमा. सोमा या गोष्टीच्या आदल्या वर्षी काविळीनं गेला होता.

एका दुपारी बुवा बाकावर बसले होते. अरविंदचा प्रोग्राम डिस्क तपासत होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक जागा वाचून बघायची, कुठली खराब झालीय ते शोधायचं. तेव्हाच्या डिस्क आवाज करायच्या. टक टक टक, धुम्. टक टक टक, धुम्. आमच्या कानांना सवय झाली होती.

बुवांची मान हलायला लागली. मग थांबली. ते उठून मशीनपाशी आले आणि कान लावून उभे राहिले.

"ओ साळवी," ते म्हणाले, "हे काय लावलंय तुम्ही?"

"काही लावलं नाही बुवा. डिस्क वाचतेय."

"नाय ओ. हा आमचा सोमा वाजवतोय."

अरविंदनं माझ्याकडे बघितलं. बुवा पुन्हा म्हणाले, "त्याच्या डाव्या हाताचं बोट गेलेलं, कोयत्यानं. तिथे त्याचा ठेका असा अडखळायचा. ऐका... आता... हां!"

आणि खरंच, टक टक टक म्हणता म्हणता डिस्क एका जागी अडखळली. तक्-तक्. मग धुम्. डिस्कवरची एक जागा खराब होती. तिथे आलं की मशीन पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करायचं. अरविंदनं हे सगळं बुवांना नीट समजावलं. बुवांनी सगळं नीट ऐकून घेतलं, आणि बाकावर बसून तासभर डोळे मिटून ऐकत राहिले. जाताना मशीनला हात लावून नमस्कार केला.

पण खराब जागा तशीच ठेवणं धोक्याचं. कधी कोणाचा पगार तिथे जाऊन बसेल सांगता येत नाही. अरविंदनं लायब्ररीतून ती जागा बाद करून टाकली. आता मशीन तिच्याकडे फिरकणार नव्हतं.

पुढच्या वेळी बुवा आले ते नवं धोतर नेसून, गावच्या आणखी दोघांना घेऊन. मशीन चालू होतं. टक टक टक, धुम्. टक टक टक, धुम्. स्वच्छ, सरळ.

बुवांनी पुन्हा मशीनला कान लावला. मग अरविंदकडे वळून अगदी हळू म्हणाले, "सोमाक काय केलंत तुम्ही?"

अरविंद त्या दिवशी जेवला नाही.

*

कोल्हापूरहून एक सर्व्हिस इंजिनिअर यायचा. अंगानं आडवा, आवाज मोठा. सुलभाताईंनी त्याला नारळाचं सांगितलं तर तो खो खो हसला. "भूतबीत काय नसतंय हो मॅडम! तुमच्या कोकणात रिकामटेकडी माणसं लई, त्यांचं हे उद्योग!"

त्या वेळी एक जादा डिस्क आली होती. ती पुसून कोरी करायची आणि मग तिचे तुकडे पाडायचे. त्यानं प्रोग्राम लावला. पडद्यावर प्रश्न आला, सगळं पुसलं जाईल, नक्की ना? हो असेल तर वाय दाबा.

"थांबा," तो म्हणाला, "आधी कीबोर्ड साफ करू. मुंग्या फिरायला लागल्यात. तुमच्या देवाच्या नारळानं!" त्यानं कीबोर्डची वायर मशीनमधून उपटली, कीबोर्ड मांडीवर पालथा घेतला आणि झटकायला लागला. मी चहा पुढे केला. आम्ही सगळे त्या मुंग्यांकडे बघत होतो.

डिस्क घरघरली. वर बघितलं, तर पडद्यावर प्रश्नापुढे वाय उमटला होता. पुसायचं काम सुरू!

"कुणी दाबलं?" तो म्हणाला.

कोणी काय दाबणार? कीबोर्ड त्याच्या मांडीवर, वायर लोंबकळतेय!

अरविंद म्हणाला, आधी कधीतरी दाबलेलं अक्षर मशीनच्या पोटात राहिलं असेल. असं होतं कधी कधी. इंजिनिअरनं मान डोलावली, पण चहाला हात लावला नाही. हत्यारं पिशवीत भरली. जेवायला थांबा म्हटलं तर, "नको, हातखंब्याला गाडी मिळंल." दारातून त्यानं फक्त एकदा वळून विचारलं, "मॅडम, तो नारळ... कंच्या बाजूला ठेवायचा म्हणालात?"

*

ती जादा डिस्क मुंबईच्या एका बंद पडलेल्या ऑफिसातली होती, जुनी. सरांना एका व्यापाऱ्यानं दिलेली. ती एकदा पुसून झाली, तरी अरविंदला खात्री करायची होती. लायब्ररीतून डिस्कवरची कुठलीही जागा थेट वाचता यायची, तिथे फाइल असो नसो. त्यानं मधलीच एक जागा उघडली.

पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी वाक्य होतं. मला घरी जायचे आहे.

खाली पुन्हा तेच. मला घरी जायचे आहे. पडदाभर तेच. अरविंदनं पुढची जागा उघडली. तेच. त्याच्या पुढची. तेच.

"टायपिंगची प्रॅक्टिस केली असेल कोणी," मी म्हटलं. तसं म्हटल्यावर बरं वाटलं.

अरविंदनं डिस्क पुन्हा पुसली. पुन्हा उघडली. मला घरी जायचे आहे. पुसली. उघडली. आता मात्र त्याचे हात थांबले. कोरी केलेल्या डिस्कवर सगळीकडे भरावाचा एकच ठरावीक आकडा दिसायला हवा. तसाच असतो, आम्ही बघितला होता.

सरांनी व्यापाऱ्याला ट्रंक कॉल लावला. आम्ही तिघं फोनभोवती. लाइनवर समुद्रासारखी खरखर. सर ओरडून ओरडून बोलत होते. "त्या ऑफिसात मशीनवर कोण बसायचं? ऑपरेटर कोण होता?"

"तो होय! मंडणगडचा मुलगा होता हो. गरीब. फार आठवण काढायचा गावाची."

"मग आता कुठे आहे?"

"गेला की."

"घरी गेला? बरं झालं!" सरांनी आमच्याकडे बघून मान हलवली. आम्हीही श्वास सोडला.

"नाही नाही, गेला म्हणजे, ऐका, त्याच खोलीत..."

आणि ट्रंक कॉलची तीन मिनिटं संपली! लाइन कट!

सरांनी पुन्हा कॉल लावला नाही. दुसऱ्या दिवशी सर ती डिस्क कापडात गुंडाळून एसटीनं स्वतः मंडणगडला घेऊन गेले. तिकडे कोणाला भेटले, डिस्कचं काय केलं, काही सांगितलं नाही. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "घाट फार वळणांचा आहे. पण पोचलो."

*

आता रमाकांतचं सांगते. पंगतीत हे नेहमी शेवटी निघतं, कारण यानंतर कोणाला काही सांगायचं सुचत नाही.

रमाकांत म्हणजे सुलभाताईंचे यजमान. बोटीवर असायचे, परदेशी मालवाहू जहाजावर. वर्षातले दहा महिने समुद्रात. अरविंदनं डिस्कचे तुकडे पाडले तेव्हा डी सुलभाताईंना दिला आणि ई मला. प्रत्येक तुकड्याला नाव देता यायचं. मला काहीच सुचलं नाही म्हणून रत्नागिरीवरून रत्ना असं दिलं. सुलभाताईंनी लाजत लाजत इंग्रजी अक्षरांत रमाकांत टाइप केलं. मग रोज सकाळी कामाला बसल्या की पडद्यावर पहिली ओळ यायची, डी ड्राइव्हचं नाव, रमाकांत. आम्ही चिडवायचो. "उखाण्याशिवाय नाव घेतलंत ताई!"

त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी कंपनीची तार आली. पूर्वेकडच्या समुद्रात वादळ झालंय, जहाजाशी संपर्क नाही. एवढंच.

सुलभाताई कामावर येत राहिल्या. घरी बसून सासूबाईंचा चेहरा बघवत नाही म्हणायच्या. बोलायच्या नाहीत, नुसते आकडे भरायच्या. चूक एक नाही.

एका सकाळी त्यांनी मशीन चालू केलं आणि माझ्या नावानं हाक मारली. त्या दिवशी मी लवकर गेले होते. मी धावत गेले. पडद्यावर लिहिलं होतं, डी ड्राइव्हला नाव नाही.

त्यांच्या फाइली सगळ्या जागच्या जागी. फक्त नाव नाही. सुलभाताईंचा हात कपाळावरच्या कुंकवाकडे गेला आणि तिथेच राहिला.

अरविंद आला. त्यानं तपासलं. "ताई, नाव म्हणजे डिस्कवरची एक नोंद असते. पुसली गेली असेल. आत्ता घालतो." घातलं. दुपारी मी बसले तेव्हा बघितलं, पुन्हा नाही. त्यानं पुन्हा घातलं, मशीन बंद केलं, चालू केलं. नाव नाही. तो पुन्हा टाइप करायला लागला.

"राहू दे रे," सुलभाताई म्हणाल्या. "परत परत नको घालूस. मला ते बघवत नाही."

सर म्हणाले, "तुम्ही काही दिवस वैशालीचा ड्राइव्ह वापरा." वैशाली म्हणजे मी. त्या नाही म्हणाल्या. रोज येऊन त्याच बिननावाच्या ड्राइव्हवर बसायच्या. आम्ही त्यांच्यासमोर मोठ्यानं हसायचंही सोडलं होतं.

मग एक दिवस मशीन चालू झालं आणि त्या खुर्चीतून उठल्याच. "नाव आलं!"

आम्ही सगळे जमलो. पडद्यावर नाव होतं खरं, पण पूर्ण बरोबर नव्हतं. शेवटच्या टीच्या पुढे एक ओ होता. रमाकांतो!

"घातलं कोणी?" अरविंदनं विचारलं. कोणीच नाही. फ्लॉपी कपाटात, किल्ली सरांकडे. सर म्हणाले, "हा काय गोव्याचा झाला की काय?" आणि कित्येक दिवसांनी सुलभाताई हसल्या. हसता हसता रडायला लागल्या. अरविंद तो ओ काढायला गेला, तर त्यांनी त्याचा हात धरला. "आहे ते राहू दे. नाव आहे ना? पुरे."

त्याच संध्याकाळी तार आली. माणसं वाचली होती. सगळी नाही. पण रमाकांत होते.

ते घरी आले ते दिवाळी होऊन गेल्यावर. बारीक झाले होते, हातावर मिठानं खाल्ल्यासारखे पांढरे डाग. सेंटरला पेढे द्यायला आले. सर म्हणाले, "या, तुमचं नाव कुठे असतं ते बघा." त्यांनी खुर्ची पुढे केली. सुलभाताईंनी मशीन चालू केलं.

रमाकांत पडद्याकडे बघत राहिले. मग पुढे झुकले आणि काचेवर त्या शेवटच्या ओवर बोट ठेवलं.

"हा कोणी लावला?"

"कोणी नाही," अरविंद म्हणाला. "आपोआप आला. आम्ही काढला नाही."

रमाकांतांनी सुलभाताईंकडे बघितलं. "मी तुला सांगितलं होतं का?"

"काय?"

"आम्हाला ज्या जहाजानं उचललं ते जपानी होतं. ओले कपडे काढून त्यांनी आम्हाला जाकिटं दिली. एक म्हातारा अधिकारी होता, तो प्रत्येकाला नाव विचारायचा आणि खडूनं जाकिटावर लिहायचा. त्याला माझं नाव नीट म्हणता येईना. मी दोनदा सांगितलं. तरी त्यानं नावाच्या शेवटी ओ लिहिलाच. जाकीट त्याच जहाजावर परत दिलं. हे मी आजवर कोणाला बोललेलो नाही."

सुलभाताईंनी हात लांब केला आणि पडद्याचं बटण बंद केलं.